घरगुती जुन्या संगणकावरील प्रोग्रॅम उघडण्यास लागणारा विलंब : कारणे, निदान व उपाय
(ठाणे-कल्याण-डोंबिवली परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना :

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या शहरांतील मध्यमवर्गीय घरांत वैयक्तिक संगणकाचा प्रवेश मुख्यत्वे 1990च्या दशकाच्या अखेरीस व 2000नंतरच्या दशकात झाला. 2001 साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनची स्थापना झाली आणि तिच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे संगणक शिकणे हे नोकरीइच्छुकांपासून गृहिणींपर्यंत सर्वांच्या परिचयाचे झाले. शिकलेल्याचा सराव व्हावा म्हणून घरात संगणक हवा असे वाटू लागले. मुंबईतील ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून ते ओळखीच्या तंत्रज्ञाकडून जुळवून घेण्याची, म्हणजेच ‘असेम्बल्ड’ संगणक घेण्याची पद्धत या परिसरात चांगलीच रुळली. पुढे लॅपटॉप व स्मार्टफोन आले आणि यांपैकी अनेक संगणक कोपऱ्यात कापडाखाली झाकले गेले. मार्च 2020मधील टाळेबंदीनंतर मुलांचे वर्ग आणि मोठ्यांचे कार्यालय एकाच वेळी घरात भरू लागले, तेव्हा हेच झाकलेले संगणक पुन्हा उपयोगात आणावे लागले.

अशा संगणकाविषयीची तक्रार बहुधा एकाच शब्दात मांडली जाते : ‘स्लो झाला आहे’. वर्ड उघडण्यास मिनिटभर लागते, ब्राउझरवर क्लिक केल्यावर पडदा नुसताच स्तब्ध राहतो, वापरणारा पुन्हा पुन्हा क्लिक करतो आणि थोड्या वेळाने तोच प्रोग्रॅम तीनदा उघडतो. यातून निघणारा निष्कर्षही ठरलेला असतो : संगणक म्हातारा झाला, आता नवा घ्यावा. मर्यादित उत्पन्नाच्या कुटुंबात हा निर्णय लहान नसतो. मुलाच्या प्रवेशशुल्काशी किंवा घरकर्जाच्या हप्त्याशी त्याची स्पर्धा असते. म्हणूनच या निष्कर्षाची तपासणी आवश्यक ठरते. प्रोग्रॅम उघडताना जुना संगणक बहुतांश वेळ काम करीत नसून कशाची तरी वाट पाहत असतो, आणि ती प्रतीक्षा कुठे होते हे शोधल्यास अनेकदा अल्प खर्चात ती कमी करता येते, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

1. प्रोग्रॅम ‘उघडतो’ म्हणजे काय होते?

पडद्यावरील चिन्हावर दोनदा क्लिक केल्यापासून खिडकी दिसेपर्यंत अनेक घटना क्रमाने घडतात. ऑपरेटिंग सिस्टीम प्रथम त्या प्रोग्रॅमची मुख्य फाइल हार्ड डिस्कवर शोधते आणि तिचे आवश्यक भाग रॅममध्ये आणते. मुख्य फाइल एकटी कधीच पुरेशी नसते. तिला इतर डझनावारी सहायक फायली लागतात. त्यानंतर वापरणाऱ्याच्या आवडीनिवडींच्या नोंदी वाचल्या जातात, संगणकावरील फाँटची यादी तयार होते, प्रोग्रॅमला जोडलेली पूरक साधने तपासली जातात. वाचल्या जाणाऱ्या प्रत्येक फाइलकडे अँटिव्हायरस एकदा नजर टाकतो. हे सर्व पार पडल्यावर खिडकी रंगवली जाते.

या साखळीत प्रोसेसरने करावयाची आकडेमोड असतेच. परंतु जुन्या संगणकात बहुतेक वेळ फायली हार्ड डिस्कवरून रॅममध्ये येण्यात जातो. स्वयंपाकघरातील उदाहरण घेतल्यास रॅम म्हणजे ओटा आणि हार्ड डिस्क म्हणजे पलीकडच्या खोलीतील कोठी. ओट्यावर असलेली वस्तू हाताशी असते; कोठीतील वस्तूसाठी दर वेळी उठून जावे लागते. स्वयंपाक करणाऱ्याचा हात कितीही चपळ असला, तरी शंभर फेऱ्या माराव्या लागल्या तर जेवणास उशीर हा होणारच.

2. प्रतीक्षेचे गणित

या फेऱ्यांना किती वेळ लागतो याचा हिशेब साधा आहे. डेस्कटॉप संगणकातील सर्वसाधारण हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला 7200 वेळा, म्हणजे सेकंदाला 120 वेळा फिरते. एका फेऱ्यास सुमारे 8.3 मिलिसेकंद लागतात. हवी असलेली माहिती वाचनशीर्षाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे 4.2 मिलिसेकंद थांबावे लागते. त्याआधी वाचनशीर्ष योग्य वर्तुळावर न्यावे लागते; त्याला सरासरी 9 मिलिसेकंदांच्या आसपास वेळ लागतो. थोडक्यात, विखुरलेल्या माहितीचा एक तुकडा मिळविण्यास सुमारे 13 मिलिसेकंद खर्च होतात. जुन्या लॅपटॉपमध्ये तबकडी बहुधा 5400 फेऱ्यांची असल्याने हा काळ आणखी वाढतो.

समजा, एखाद्या प्रोग्रॅमला उघडताना 64 किलोबाइटचे 1000 तुकडे वाचावे लागतात. हे तुकडे डिस्कवर विखुरलेले असतील, तर केवळ पोहोचण्यातच सुमारे 13 सेकंद जातात. तेच तुकडे सलग मांडलेले असतील, तर ही सुमारे 64 मेगाबाइट माहिती त्याच डिस्कवरून सेकंदभरात वाचता येते. माहितीचा आकार तोच, डिस्क तीच. फरक फक्त ये-जा करण्याचा. संगणक ‘म्हातारा’ होण्याचे रहस्य बऱ्याच अंशी या एका हिशेबात दडलेले आहे. प्रोसेसरची गती वर्षानुवर्षे वापरल्याने घटत नाही. मात्र डिस्कवरील माहिती विखुरत जाते, नवे प्रोग्रॅम अधिकाधिक तुकडे मागू लागतात आणि एकाच वेळी डिस्कवर हक्क सांगणाऱ्यांची संख्या वाढते.

या शेवटच्या मुद्द्याचा अनुभव उपनगरी रेल्वेने जाणाऱ्यास वेगळा सांगावयास नको. लांब पल्ल्याच्या गाड्या आणि लोकल एकाच रुळांवर आल्या की दोहोंना थांबावे लागते. ठाणे ते दिवा दरम्यान पाचवी व सहावी मार्गिका फेब्रुवारी 2022मध्ये सुरू करण्यात आली, ती गाड्यांचा कमाल वेग वाढविण्यासाठी नव्हे, तर ही वाहतूक वेगळी करण्यासाठी. हार्ड डिस्कला वाचनशीर्षांचा एकच संच असतो व तो एका वेळी एकाच जागी जाऊ शकतो. तेथे दुसरी मार्गिका टाकता येत नाही. त्यामुळे अँटिव्हायरसची तपासणी, आपोआप होणारे अद्यतन आणि वापरणाऱ्याने उघडलेला प्रोग्रॅम हे तिघे एकाच वेळी आले की शीर्ष तिघांमध्ये धावत राहते आणि कोणाचेच काम पुढे सरकत नाही.

3. ऑपरेटिंग सिस्टीमने योजलेले उपाय

ही अडचण संगणकशास्त्रज्ञांना अपरिचित नव्हती. 2001 साली आलेल्या विंडोज एक्सपीमध्ये ‘प्रीफेच’ ही सोय होती. प्रोग्रॅम सुरू होताना पहिल्या काही सेकंदांत तो कोणत्या फायलींचे कोणते भाग मागतो याची नोंद ती ठेवते आणि पुढच्या वेळी ते भाग शक्य तितक्या सलगपणे आधीच वाचून आणते. 2007 साली सर्वसामान्य ग्राहकांपर्यंत पोहोचलेल्या विंडोज व्हिस्टामध्ये ‘सुपरफेच’ आले. वापरणारा कोणता प्रोग्रॅम वारंवार उघडतो हे पाहून ते त्याचे भाग मोकळ्या रॅममध्ये आगाऊ आणून ठेवते. विंडोज 10मध्ये याच सेवेला पुढे ‘सिसमेन’ असे नाव मिळाले. लिनक्ससाठीही 2005च्या सुमारास ‘प्रीलोड’ नावाचा याच धर्तीचा प्रोग्रॅम उपलब्ध झाला.

याच काळात प्रोग्रॅम तयार करणाऱ्यांनी स्वतंत्र वाट काढली. ओपनऑफिस, अडोबी रीडर यांसारखे प्रोग्रॅम संगणक सुरू होतानाच आपला काही भाग रॅममध्ये आणून ठेवू लागले. त्या एका प्रोग्रॅमपुरते पाहिले तर तो झटपट उघडे. परंतु दहा प्रोग्रॅमनी हेच केल्यावर संगणक सुरू होण्यासच पाच मिनिटे लागत आणि रॅम न उघडलेल्या प्रोग्रॅमनी व्यापली जाई. प्रत्येकाने स्वतःपुरती केलेली सोय ही सर्वांची गैरसोय कशी होते, याचे हे बोलके उदाहरण होय. जुन्या संगणकावरील पहिला उपाय याच ठिकाणी सापडतो.

4. निदान : दोन वेळा उघडण्याची चाचणी

उपायांकडे वळण्यापूर्वी निदान करणे इष्ट. त्यासाठी मनगटावरचे घड्याळ पुरेसे आहे. संगणक सुरू करून पाच-दहा मिनिटे शांत राहू द्यावा. मग एक प्रोग्रॅम उघडून लागलेला वेळ नोंदवावा. तो बंद करून लगेच पुन्हा उघडावा व दुसरी वेळ नोंदवावी. एकदा वाचलेले भाग ऑपरेटिंग सिस्टीम रॅममध्ये राखून ठेवते. त्यामुळे दुसऱ्या वेळी डिस्ककडे फारसे जावे लागत नाही.

पहिल्या वेळी चाळीस आणि दुसऱ्या वेळी पाच सेकंद लागले, तर दोष डिस्कचा आहे. दोन्ही वेळा जवळपास तितकाच विलंब झाला, तर तीन शक्यता उरतात : रॅम इतकी अपुरी आहे की राखून ठेवलेले भाग लगेच बाहेर फेकले जातात, प्रोसेसरच कमी पडतो, किंवा प्रोग्रॅम इंटरनेटवरील अथवा आता अस्तित्वात नसलेल्या प्रिंटरच्या उत्तराची वाट पाहत आहे. ‘टास्क मॅनेजर’ उघडल्यास यांतील कोणती शक्यता खरी हे कळते. रॅमचा वापर नव्वद टक्क्यांपलीकडे असेल तर कारण रॅम. प्रोसेसर सतत शंभर टक्क्यांवर असेल तर कारण प्रोसेसर. दोन्ही निवांत असूनही प्रोग्रॅम अडला असेल तर प्रिंटर व जोडणी तपासावी. संगणक सुरू केल्याबरोबर केलेली चाचणी फसवी असते, कारण त्या वेळी इतर अनेक प्रोग्रॅम डिस्कवर तुटून पडलेले असतात.

5. उपाययोजना : बिनखर्ची उपायांपासून आरंभ

अ) आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम कमी करणे : विंडोज 8 व त्यानंतरच्या आवृत्त्यांत टास्क मॅनेजरमध्येच, तर विंडोज 7 व एक्सपीमध्ये ‘एमएसकॉन्फिग’ या आदेशाने ही यादी दिसते. अँटिव्हायरस, टचपॅड व ध्वनी यांचे प्रोग्रॅम ठेवून गाणी, चॅट, अद्यतन-सूचक इत्यादी बंद करता येतात. यामुळे प्रोग्रॅम नष्ट होत नाहीत. केवळ बोलावल्याशिवाय येत नाहीत.

आ) अँटिव्हायरसची संख्या : एका संगणकावर दोन अँटिव्हायरस असल्यास प्रत्येक फाइल दोनदा तपासली जाते आणि विलंब वाढतो. विंडोज 8पासून अँटिव्हायरस ऑपरेटिंग सिस्टीममध्येच अंतर्भूत आहे. पूर्ण तपासणीची वेळ वापराच्या वेळेत येऊ नये याची काळजी घ्यावी.

इ) फाँट : हा मुद्दा मराठी वापरकर्त्यांच्या विशेष परिचयाचा आहे. युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वी मराठी मजकुरासाठी स्वतंत्र सांकेतिक रचनेचे फाँट वापरले जात. लग्नपत्रिका, अहवाल, मंडळांच्या स्मरणिका यांचे काम घरबसल्या करणाऱ्यांच्या संगणकावर असे शेकडो फाँट साठत गेले. फाँटची यादी तयार करणारा प्रत्येक प्रोग्रॅम उघडताना या संख्येची किंमत मोजतो; पेजमेकर व कोरलड्रॉ वापरणाऱ्यांनी ती अनुभवलेली आहे. जुन्या फायलींसाठी आवश्यक फाँट वेगळ्या फोल्डरमध्ये जपून, नित्याचे तेवढेच स्थापित ठेवणे हितावह ठरते.

ई) डिस्कवरील मोकळी जागा व मांडणी : डिस्क काठोकाठ भरली की नव्या फायली मिळेल त्या फटीत तुकड्यातुकड्यांनी ठेवल्या जातात. साधारण पंधरा ते वीस टक्के जागा मोकळी ठेवून ‘डीफ्रॅगमेंटर’ चालवल्यास तुकडे पुन्हा सलग होतात. एक्सपीवर हे काम स्वतःहून करावे लागे. व्हिस्टा व त्यापुढील आवृत्त्यांत ते वेळापत्रकानुसार होते.

उ) संगणक पूर्ण बंद न करणे : दिवसातून अनेकदा वापर असल्यास ‘स्लीप’चा पर्याय निवडल्याने रॅममधील माहिती टिकते आणि प्रोग्रॅम पुन्हा लवकर उघडतात. 2000च्या दशकातील भारनियमनाच्या दिवसांत ही सोय फारशी उपयोगी नव्हती, कारण वीज गेली की रॅम रिकामी होते. आजही डेस्कटॉपला यूपीएसची जोड असावी, हे त्यामुळेच योग्य.

ऊ) धूळ : प्रोसेसर तापला की स्वतःच्या रक्षणार्थ तो गती कमी करतो. खाडीलगतच्या दमट हवेत पंख्याच्या पात्यांवर व धातूच्या पट्ट्यांवर धूळ चिकटून बसते. वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्यानंतर, वीजजोडणी काढून मऊ ब्रशने केलेली सफाई उपयुक्त ठरते.

6. मर्यादित खर्चाचे उपाय

बिनखर्ची उपाय करूनही फरक न पडल्यास निदानानुसार सुटा भाग बदलावा. येथे असेम्बल्ड संगणकाचा मोठा लाभ दिसतो : त्याचे भाग वेगळे करता व बदलता येतात.

रॅम अपुरी असेल तर ती वाढवावी. म्हणजे ओटा मोठा करावा. मात्र डीडीआर2 व डीडीआर3 या प्रकारांच्या पट्ट्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत, आणि विंडोजच्या घरगुती 32-बिट आवृत्त्या 4 गिगाबाइटपेक्षा अधिक रॅम वापरू शकत नाहीत. या दोन बाबी न तपासता केलेली खरेदी वाया जाते.

दोष डिस्कचा असेल तर सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे फिरत्या तबकडीच्या जागी एसएसडी बसविणे. एसएसडीत काहीच फिरत नाही. माहितीच्या कोणत्याही तुकड्यापर्यंत ती सुमारे 0.1 मिलिसेकंदात पोहोचते. आधीच्या उदाहरणातील 13 सेकंदांची ये-जा येथे सेकंदाच्या दहाव्या भागावर येते. अर्थात, प्रोग्रॅम त्या प्रमाणात शंभरपट लवकर उघडत नाही, कारण माहिती वाहून आणण्याचा आणि प्रोसेसरच्या कामाचा वेळ उरतोच. परंतु प्रतीक्षा मिनिटावरून काही सेकंदांवर येणे हा नेहमीचा अनुभव आहे. ‘आमचा मदरबोर्ड जुना, तो एसएसडीला न्याय देणार नाही’ ही शंका मात्र फारशी खरी नाही. सेकंदाला 300 मेगाबाइट वाहून नेणाऱ्या जुन्या साटा-2 जोडणीवरही मोठा लाभ होतो, कारण फायदा माहिती वाहण्याच्या वेगात कमी आणि तिच्यापर्यंत पोहोचण्याच्या वेळेत अधिक आहे. त्याआधीच्या, रुंद पट्टीच्या आयडीई जोडणीच्या संगणकावर मात्र हा खर्च करू नये.

7. काही भ्रम

बाजारात व ऐकीव सल्ल्यांत वेग वाढविण्याचे अनेक मार्ग सांगितले जातात. ‘प्रीफेच’ फोल्डर रिकामे करावे हा त्यांतील एक. त्या फोल्डरमधील नोंदींमुळेच प्रोग्रॅम लवकर उघडतात. त्या पुसल्यास पुढचा आरंभ अधिक मंद होतो. ‘रॅम मोकळी करणारे’ प्रोग्रॅम राखून ठेवलेली माहिती बाहेर फेकतात व ती पुन्हा डिस्कवरून आणावी लागते. ओट्यावर मांडलेले साहित्य आवरून कोठीत परत नेण्यासारखेच हे झाले. रजिस्ट्री स्वच्छ करणाऱ्या प्रोग्रॅमनी वेगात जाणवेल असा फरक पडत नाही, उलट चुकीची नोंद पुसली जाण्याचा धोका असतो. एसएसडीवर डीफ्रॅगमेंटेशनचा लाभ नसतो, तिच्या लेखनाची मर्यादा मात्र खर्ची पडते.

8. उपायांची मर्यादा

संगणक हळूहळू नव्हे तर अचानक मंद झाला असेल, डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल किंवा ठरावीक फायलींवरच तो अडत असेल, तर वेग वाढविण्याचा विचार बाजूला ठेवावा. खराब झालेला भाग वाचण्याचा डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करीत असल्याची ही लक्षणे आहेत. अशा वेळी प्रथम कुटुंबाची छायाचित्रे, हिशेब व कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घ्यावीत. डीफ्रॅगमेंटर चालविणे या अवस्थेत घातक ठरू शकते.

दुसरी मर्यादा सुरक्षिततेची आहे. विंडोज एक्सपीचे साहाय्य 8 एप्रिल 2014 रोजी, विंडोज 7चे 14 जानेवारी 2020 रोजी आणि विंडोज 10चे 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपले. विंडोज 11ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा-व्यवस्था आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे एसएसडी बसवून चपळ झालेला संगणकही अधिकृतपणे त्या आवृत्तीवर नेता येत नाही, असे अनेक घरांत घडते. अशा संगणकावर बँकेचे व्यवहार करणे योग्य नव्हे. त्याला लिनक्स मिंट किंवा लुबंटू यांसारखी विनामूल्य व हलकी ऑपरेटिंग सिस्टीम हा समर्थ पर्याय आहे. तिच्यावर सुरक्षेची अद्यतने मिळत राहतात, युनिकोड मराठी व इनस्क्रिप्ट कळफलक उपलब्ध असतो आणि लिब्रेऑफिसवर लेखन व हिशेब करता येतात. मात्र केवळ विंडोजवर चालणारे लेखापालनाचे किंवा जुन्या मराठी फाँटचे प्रोग्रॅम ज्यांच्या उपजीविकेचे साधन आहेत, त्यांनी बदल करण्यापूर्वी पूर्ण विचार करावा. ते काम इंटरनेटपासून तोडलेल्या जुन्या संगणकावर चालू ठेवणे हा त्यांच्यासाठी सुज्ञ मार्ग ठरतो.

अखेरीस संगणक टाकावाच लागला, तर तो भंगारवाल्यास देऊ नये. 1 एप्रिल 2023पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार त्याची विल्हेवाट नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याकडे व्हावयास हवी. आणि तत्पूर्वी डिस्कवरील माहिती कायमची पुसणे हे मालकाचे काम आहे.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

1. जुन्या संगणकावर प्रोग्रॅम उशिरा उघडण्याचे प्रमुख कारण प्रोसेसरचे वय नसून हार्ड डिस्कची प्रतीक्षा व रॅमची अपुरी जागा हे असते.

2. एकच प्रोग्रॅम दोनदा उघडण्याच्या साध्या चाचणीने या कारणाचे निदान घरच्या घरी होऊ शकते, आणि निदानाशिवाय केलेला खर्च बहुधा वाया जातो.

3. आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम, दुहेरी अँटिव्हायरस व अनावश्यक फाँट कमी करणे हे बिनखर्ची उपाय प्रथम करावेत. नंतर रॅम व एसएसडी यांचा विचार करावा.

4. वेग मिळाला म्हणजे संगणक सुरक्षित झाला असे नाही. ऑपरेटिंग सिस्टीमचे साहाय्य संपले असेल, तर वेगाइतकाच पर्यायी ऑपरेटिंग सिस्टीमचा विचार आवश्यक आहे.

‘स्लो झाला आहे’ हे निदान नसून केवळ लक्षण आहे. ताप आला म्हणून कोणी थेट शस्त्रक्रिया करीत नाही. प्रथम कारण पाहिले जाते. घरातील संगणकालाही हाच न्याय लावल्यास कित्येक कुटुंबांचा मोठा खर्च टळेल, निदान काही वर्षे पुढे ढकलला जाईल. आणि घरातील विद्यार्थ्यास आवश्यक ते साधन त्याच्या हाताशी राहील.